बाळंतिणीच्या खोलीतली स्प्रिंग

सुदेश पेंडुरकरने नवी स्प्रिंग दाबायला घेतली ती गुरुवारी दुपारी सव्वाबाराला. एक वाजून दहा मिनिटांनी तो पाठ भिंतीला घासत, एकेक पाऊल मागे टाकत खोलीतून बाहेर आला आणि त्याने दार हळूच लोटून घेतलं. कडी घातली नाही. कडीचा आवाज झाला असता, आणि त्या घटकेला सुदेशला जगातला कुठलाही आवाज नको होता.

"झालं?" संचिताने स्वयंपाकघरातून विचारलं.

"जवळजवळ."

सत्तावीस वर्षांच्या संसारात संचिता नवऱ्याच्या या शब्दाला पुरती ओळखून होती. गीझर जवळजवळ झाला होता तेव्हा अख्ख्या घराने आठवडाभर समोरच्यांकडे आंघोळी केल्या होत्या. तिने गॅस बंद केला आणि हात पुसत ती बाहेर आली. सुदेशचा चेहरा पाहिल्यावर मात्र तिने तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो हसत होता. चुकून भडक शर्ट घालून मयताला गेलेला माणूस हसतो, तसा.

"आत जाऊ नकोस," तो म्हणाला. "आणि जरा हळू बोल."

"का?"

"तिला आवाज लागतो."

"कोणाला?"

सुदेशने दाराकडे बोट दाखवलं.

झालं होतं ते असं. त्यांची मुलगी शिवानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मंगळवारी कल्याणच्या एका हॉस्पिटलात तिला मुलगी झाली. येत्या सोमवारी, दसऱ्याच्या सकाळी, आई आणि बाळ डोंबिवलीतल्या कोपरला घरी यायचे होते. कल्याण ते डोंबिवली हा रस्ता ज्याने गाडीतून केलाय त्याला काही सांगायला नको, आणि ज्याने केला नाही त्याला सांगून पटायचं नाही. त्यात सुदेशच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग मोडली होती. खड्डा आला की गाडीच्या पोटातून ठण्ण असा आवाज येई आणि मागच्या सीटवरचा माणूस छताला भेटून येई. जावई ऋतुराज फोनवर सहज म्हणाला, "बाबा, कॅब करू ना." हे सहज म्हणणंच सुदेशला लागलं.

"माझी नात माझ्या गाडीतून घरी येईल," त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, "आणि तिच्या अंगावरचं दुपटंसुद्धा हलणार नाही."

गॅरेजवाल्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. दसऱ्याच्या तोंडावर अख्ख्या डोंबिवलीला आपल्या गाड्यांची दुखणी आठवलेली असतात. तेव्हा शॉकअपची स्प्रिंग आपणच बदलायची, असं सुदेशने ठरवलं. शिवानी हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाली, "बाबा, प्लीज. तुम्ही स्वतः काही उघडू नका हां." एका दिवसाच्या बाळाची आई आपल्याला असं बोलते याचं सुदेशला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो पाना हातात घेत असे.

काम तो मोबाइलवरच्या व्हिडिओतून शिकला. व्हिडिओ पन्नास मिनिटांचा आणि ऑफिसातली जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, म्हणून त्याने तो दुप्पट वेगात पाहिला. दुप्पट वेगात कुठलंही काम सोपंच दिसतं. त्यातला माणूस मधूनमधून हात वर करून कळकळीने काहीतरी सांगायचा, ते भाग सुदेशने पुढे ढकलले.

हत्यार मिळालं कोलशेतच्या काळुराम मिस्त्रींकडून. दोन लांब आटे पाडलेले दांडे, प्रत्येकावर दोन आकडे. आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे आणि पान्याने दांडे पिळत गेलं की स्प्रिंग दबत जाते. हत्यार देताना काळुराम मिस्त्री दहा मिनिटं बोलले. "दोन्ही बाजू सारख्या, साहेब. इकडं पाव फेरा, मग तिकडं पाव फेरा. घाई नाय. आन् स्प्रिंगच्या टोकासमोर उभं राहायचं नाय. कधीच नाय." सुदेशने हे सगळं, व्हिडिओ पाहून झालेल्या माणसाच्या सहनशीलतेने ऐकून घेतलं. "माहितीये," तो म्हणाला. मिस्त्रींची अट एकच होती: रविवारी नवमीला सकाळी हत्यार परत पाहिजे. खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते.

आता हे काम गाडीजवळ न होता तिसऱ्या मजल्यावर, बाळंतिणीसाठी धुऊनपुसून ठेवलेल्या खोलीत का झालं, हे सोसायटीच्या सेक्रेटरी चौबळांना विचारावं. पार्किंगमध्ये कुठलीही दुरुस्ती करू नये, असा त्यांनी फलक लावला होता. सुदेश शॉकअप खोलत असताना ते येऊन पाठीशी उभे राहिले. "ही दुरुस्ती नाही, हे निरीक्षण आहे," सुदेश म्हणाला. "निरीक्षण घरी न्या," चौबळ म्हणाले. मग गाडी जॅकवर लंगडी ठेवून सुदेशने शॉकअप टॉवेलात गुंडाळला आणि लिफ्टने वर आणला. सगळ्यात गार आणि मोकळी फरशी त्याच खोलीत होती. एका भिंतीला खाट, खाटेवर नवी गादी आणि खोलीच्या मधोमध छताच्या कडीला टांगलेला पाळणा. पाळणा बारशाआधी टांगू नये असं सुदेशची आई रंगूबाई सांगत होती; पण तोही सुदेशने आधीच जवळजवळ करून टाकला होता.

जुनी स्प्रिंग मोडकीच होती. तिच्यात जोर राहिला नव्हता, ती मुकाट निघाली, आणि सुदेशला वाटलं की हे काम आपल्याला येतं. नवी स्प्रिंग तशी नव्हती. एका बाजूचा दांडा त्याने भराभर पिळला, मग दुसरा पिळला, आणि स्प्रिंग निम्मी दबली असेल-नसेल तोच एक आकडा वेढ्यावरून दोन बोटं सरकला. स्प्रिंग एका अंगाला वाकली. दांडा तिरका झाला, आटे एकमेकांत चावले, आणि पाना ना पुढे फिरे ना मागे. आता ती सगळी ताकद, मोटार उचलून धरणारी, कोपऱ्यात दोन आकड्यांच्या भरवशावर वाकून बसली होती. तिचं वरचं टोक खोलीच्या मधोमध रोखलेलं होतं.

"आकडा सरकला कसा?" संचिताने विचारलं. तेव्हा सुदेशने आईकडे पाहिलं.

रंगूबाई अगदी शांत होती. बुधवारी नवी स्प्रिंग घरात आली तेव्हा तिने तिला ओवाळलं होतं आणि खोबरेल तेलात कुंकू कालवून वेढ्यावर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. आकडा नेमका त्यावरून घसरत होता.

"नवी वस्तू घरात इली, तिका कुंकू लावचा नाय?" ती म्हणाली. "तेलाबिगर तां लोखंडाक धरता काय?"

संचिताने खोबरेलाची बाटली उचलून फडताळात ठेवून दिली.

संध्याकाळपर्यंत घराला स्प्रिंगची सवय लागेल असं सुदेशला वाटलं होतं. झालं उलट. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि बंद खोलीतून बारीक, लांबट, तोंड मिटून कोणीतरी सूर धरावा तसा आवाज आला. शिट्टी थांबल्यावरही तो थोडा वेळ राहिला. संचिताने कुकर उतरवला आणि भात उघड्या पातेल्यात केला. त्या दिवसापासून पेंडुरकरांच्या घरात मिक्सर लागला नाही, टीव्ही लागला नाही. भांडणंही कुजबुजत होऊ लागली, आणि कुजबुजत भांडायला लागल्यावर दोघांनाही जन्मात पहिल्यांदा एकमेकांचं म्हणणं नीट ऐकू आलं.

शुक्रवारी सुदेश सरकारी मदत मागायला गेला. आधी त्याने अग्निशमनवाल्यांना फोन केला. काही पेटलंय का, असं विचारलं गेलं. नाही म्हणाला. कोणी अडकलंय का? "स्प्रिंग अडकलीय." पलीकडून लेखी अर्ज करण्याचा सल्ला मिळाला. अर्ज घेऊन तो ज्या कार्यालयात गेला तिथल्या कारकुनाने तीन कोरे फॉर्म पुढे ठेवले: धोकादायक इमारत, धोकादायक झाड आणि मोकाट जनावर.

"यांतलं काहीच नाहीये हो."

"ती हलते का?" कारकुनाने विचारलं.

"हलते, म्हणजे... सरकते."

"मग जनावर लिहा. इमारत सरकत नाही." सुदेशने फॉर्म भरलाही. रंग: काळा. वय: दोन दिवस. मालक: अर्जदार. चावते काय या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत त्याने लोकांना असले कितीतरी फॉर्म भरायला लावले होते, आणि आज आपल्यालाच खरं उत्तर माहीत नाही याची त्याला लाज वाटली. फॉर्म घडी करून खिशात घालून तो परत आला.

ती सरकत होती हे मात्र खरं होतं. गुरुवारी संध्याकाळी सुदेशने भिंतीकडेने जाऊन, लांब हात करून, आकड्याच्या कडेला पेन्सिलीने वेढ्यावर रेघ मारली होती. शनिवारी सकाळी पाहिलं तर रेघ आणि आकडा यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. दुपारी तिथे गव्हाचा दाणा बसला असता. आकडा पुरता सुटायला आता साधारण बोटभर लोखंड उरलं होतं.

इमारतीतलं एक मांजर रोज दुपारी त्या खोलीतल्या खिडकीत झोपायला येई. शनिवारी ते उंबऱ्यापाशी आलं, बसलं, शेपूट पायांभोवती गुंडाळून कोपऱ्याकडे बघत राहिलं. आत गेलं नाही. सुदेशही त्याच्याशेजारी खाली बसून बघू लागला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडकीतून येणारं ऊन दांड्यावर पडून समोरच्या भिंतीवर एक कवडसा उमटला होता. खोलीत कोणी नव्हतं, पंखा बंद होता, पडदा हलत नव्हता. तीन वाजले आणि तो कवडसा थरथरू लागला.

मग पाळणा हलला.

फार नाही. इकडे थोडा, तिकडे थोडा. कडीतून कुई कुई असा आवाज आला आणि त्यामागोमाग कोपऱ्यातून, त्याला ओ दिल्यासारखं, टिक्.

"कोण हलयता तो?" मागून रंगूबाईचा आवाज आला. ती भिंत धरून उभी होती. सुदेशने आईला या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

लोखंड तापतं, दांडे ताणले जातात, ते छतापर्यंत पोचतं, असं काहीतरी सुदेश सांगू लागला. पण ते त्याचं त्यालाच पटेना. तेवढ्यात तळमजल्यावरचे गोपीनाथ केणे आले. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या बापजाद्यांची. त्यांच्या शब्दाला सोसायटीत चौबळांच्या फलकांपेक्षा वजन होतं. त्यांनी दारातून आत डोकावलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मना ठाव होता," ते हळूच म्हणाले. "इकरं दुपारचे टायमाला कोन थांबत नवता. माजा आजा सांगं, या तुकर्‍यावं एकट्यानं काम करू नको. आपले मागं कोनतरी उबा हाय असा वाटतं."

"मग?" संचिताने विचारलं.

"मंग काय. बिल्डरला दिली."

एवढं सांगून ते गेले, आणि तासाभरात निम्म्या इमारतीने आपापल्या माहेरी किंवा गावी दसऱ्याला जायचं ठरवलं. चौबळांनी जिन्यात नवा फलक लावला: तिसऱ्या मजल्यावर पाय न वाजवता चालावे.

रंगूबाईचं म्हणणं निराळंच होतं. स्प्रिंगचं काय ते तुम्ही बघा, पण माझी पणती घरात यायची असताना रिकामा पाळणा हलता कामा नये. "तेच्यात वरवंटो ठेव," ती म्हणाली. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, हे सुदेशला ठाऊक होतं. ते असं, पोटावर सरपटत करावं लागतं हे ठाऊक नव्हतं. पाळणा स्प्रिंगच्या टोकाच्या अगदी समोर होता. चोपन्न वर्षांचा सुदेश, टोपडं घातलेला पाच किलोचा वरवंटा छातीशी धरून, फरशीला गाल लावून खोलीत शिरला. डोक्यावरून काहीतरी जायचं झालं तर जावं, असा त्याचा हिशेब होता. पाळण्याखाली पोचून त्याने हात वर केले, दगड आत निजवला, त्यावर दुपटं ओढलं आणि तसाच उलटा सरपटत बाहेर आला. पाळणा थांबला. दारातून पाहिलं तर आत एक बाळ शांत झोपलं होतं आणि कोपऱ्यातून ती त्याच्याकडे वाकून बघत होती. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

शिवानीचा फोन आला. "बाबा, खोली तयार आहे ना? मला आता इथे कंटाळा आलाय. घरी यायचंय."

"हो," सुदेश म्हणाला आणि संचिताकडे फोन दिला. आपली मुलगी आणि तिची मुलगी या खोलीत यायची आहे आणि ती खोली आपण अशी करून ठेवलीय, याची भीती त्याला पहिल्यांदाच खरीखुरी वाटली. मानापमानाचं त्याला काही सुचेना.

रविवारी सकाळी दहा वाजता काळुराम मिस्त्री स्वतः आले. बगलेत पूजेची पिशवी, पिशवीत नारळ, झेंडूची फुलं. उजवा हात पँटच्या खिशात. "साहेब, बाकी सगळी हत्यारं मांडून आलोय. एवढंच राहिलं."

सुदेशने त्यांना खरं काय ते सांगितलं. मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. "दाखवा," म्हणाले.

सुदेशने दार वीतभर उघडलं. मिस्त्रींनी कोपरा पाहिला, टोक पाहिलं आणि त्या टोकाच्या रेषेत त्यांची नजर गेली. पाळणा. टोपडं. दुपटं.

"पोर आत?" ते म्हणाले. "पोर आत ठेवलंय?"

"नाही, ते..."

पण मिस्त्री आत गेले होते. भिंतीकडेने नाही, सरळ, खोलीच्या मधून, पायातल्या चपलांसकट. त्यांनी दोन्ही हात पाळण्यात घातले, बोचकं उचलून छातीशी घट्ट धरलं, त्याच्यावर पुरते वाकले आणि कोपऱ्याकडे पाठ करून तसेच वाकलेले बाहेर आले. कोपऱ्यातून टिक् झालं. दाराबाहेर आल्यावर त्यांना वजन जाणवलं. त्यांनी टोपडं मागे सारलं आणि आतला काळा गुळगुळीत दगड बघितला.

हसण्यासारखंच होतं ते. पण कोणी हसलं नाही. रंगूबाईने पुढे होऊन त्यांच्या हातातून वरवंटा घेतला, आणि तेव्हा सुदेशला दिसलं की मिस्त्रींच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. संचिताने पाणी दिलं ते त्यांनी अर्धं सांडलं.

"एकोणीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "माझी बोटं गेली. माझ्यासमोर उभा होता तो गेला."

मग ते उठले. उंबऱ्याबाहेर मांडी घालून त्यांनी तिथूनच आपल्या हत्याराची पूजा केली. हळद-कुंकू उंबऱ्याला लावलं, नारळ न फोडता नुसताच ठेवला आणि एक झेंडूचं फूल आत टाकलं. फूल स्प्रिंगपासून हातभर अंतरावर पडलं. नमस्कार करून ते सुदेशकडे वळले. "साहेब, पूजा झालेल्या हत्याराला उद्या सोनं लुटेपर्यंत आमच्यात हात लावत नाय. रिवाज हाय."

एरवी सुदेशने रिवाजावर अर्धा तास वाद घातला असता. आज त्याने मिस्त्रींच्या हाताकडे पाहिलं. तो हात खिशात जायला बघत होता आणि खिसा सापडत नव्हता.

"बरोबर आहे," सुदेश म्हणाला. "तुम्ही नका लावू. मी करतो. पण तुम्ही दारात बसा आणि मला सांगा. सगळं सांगा. पहिल्यापासून."

"माका पाप लागला तर लागांदे," रंगूबाई मधेच म्हणाली. "तू सोडव ता."

मिस्त्रींनी पहिल्यापासून सांगितलं, आणि सुदेशने एकदाही माहितीये म्हटलं नाही. आधी पाळणा उतरवला. त्याची साखळी सोडवली आणि भिंतीकडेने, कुशीवर पडून, ती स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या वेढ्यांतून तीनदा ओवून घट्ट बांधली. "आकडा सुटला तर साखळी धरंल," दारातून आवाज आला. मग खाटेवरची गादी ओढून आणून टोकासमोर खाटेच्याच आधाराने उभी केली. चावलेल्या आट्यांवर तेल सोडलं, आणि हे तेल योग्य जागी पडतंय याची रंगूबाईने दारातून खात्री करून घेतली. मग अर्धा तास नुसतं थांबले. तेल मुरायला वेळ लागतो. माणूसही तेवढ्यात मुरतो, असं मिस्त्री म्हणाले.

"आता पाव. हळू."

पाना हलला. दातांत खडा यावा तसा आवाज झाला आणि आटे सुटले.

"थांबा. आता तिकडं पाव. थांबा. तोंड बाजूला ठेवा, साहेब. श्वास घ्या. इकडं पाव."

किती वेळ चाललं होतं कोण जाणे. जिन्यात चौबळ आणि गोपीनाथशेठ चपला हातात घेऊन उभे होते. अख्ख्या इमारतीत त्या एका आवाजाखेरीज काही नव्हतं: पाव, थांबा, पाव, थांबा. दर पाव फेऱ्याला कोपऱ्यातून एक उसासा येत होता. स्प्रिंग मुंगीच्या पावलांनी उंच होत होती. सुदेशला वाटलं, आपण तिला सोडत नाही आहोत, उठवतो आहोत. ती उठली की काय करेल, हे त्याला विचारावंसंही वाटलं नाही.

तिसाव्या की बत्तिसाव्या पावाला आकडा सुटला.

धाड्कन आवाज झाला. साखळी ताणून करकरली, स्प्रिंग जागच्या जागी गर्रकन फिरली, दाराच्या दिशेने वळली, गादीवर आदळली आणि थांबली. कापसाचा एक पुंजका हवेत तरंगत राहिला. दारात मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते.

"साहेब," ते म्हणाले. "साहेब, बोला. कायतरी बोला."

आतून बराच वेळ काहीच आलं नाही. संचिताने तोंडावर हात धरला.

"पाव," सुदेशचा आवाज आला.

बाराच्या सुमाराला स्प्रिंग आपल्या पुऱ्या उंचीला आली आणि खाली पडून गडगडत भिंतीला लागली. आता ती नुसतं लोखंड होती. सुदेशने तिला पायाने हलवून पाहिलं. मांजर उंबरा ओलांडून आत आलं, ऊन शोधून झोपलं, आणि सुदेश फरशीवर बसून ढसाढसा रडला. संचिता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सोमवारी सकाळी बाळ रिक्षातून आलं. गाडी अजून जॅकवरच होती. "गाडी झाली का, बाबा?" शिवानीने रिक्षात विचारलं.

"नाही," सुदेश म्हणाला. "मला जमली नाही. मिस्त्री करतील दिवाळीनंतर."

शिवानीने बापाकडे वळून नीट पाहिलं. खड्डे सगळे लागले, एकही चुकला नाही, आणि बाळ एकदाही जागं झालं नाही.

दुपारी काळुराम मिस्त्री आपट्याची पानं आणि आपलं हत्यार न्यायला आले. पानं सगळ्यांच्या हातावर ठेवून झाली, हत्यार पिशवीत गेलं, तरी ते दारातच घुटमळत होते. मग त्यांनी विचारलं, "जरा बघू का? लांबून?"

रंगूबाईने त्यांना हातपाय धुवायला लावले. सुदेश खोलीत गेला, शिवानीच्या कुशीतून बाळाला उचलून बाहेर घेऊन आला. मिस्त्री वाकले. बराच वेळ नुसतंच बघत राहिले. मग डावा हात पुढे केला, परत घेतला, आणि उजव्या हाताचं एक बोट अगदी हळू बाळाच्या तळहाताला लावलं. बाळाने डोळे न उघडता ते मुठीत धरलं.

"खरं पोर हाय," मिस्त्री म्हणाले. "साहेब, ही सोडत नाय."

"ओढू नका," सुदेश म्हणाला. "घाई नाही. तिची ती सोडेल."

आणि ती सोडेपर्यंत मिस्त्री तसेच वाकून उभे राहिले.